दगडांचा दसरा

माझा स्वभाव तापट हाय, हे आधीच सांगून टाकते. माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं की माझं टाळकं सरकतं. आमची माय म्हणायची, "दैवशाला, तुझ्या आधी तुझी जीभ दारात जाती." खरंच हाय ते. पण आता जे सांगायला बसले, त्यात मी कुणावर ओरडले न्हाई. हळू आवाजात, गोड बोलून केलेलं काम हाय ते. म्हणूनच ते मला जास्त लागून राह्यलं.

जालन्याच्या एका कॉलेजात मी म्युझियमवर शिपाई हाय. आमचे मालक तिथंच होते, ते वारल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. म्युझियम म्हणजे लई मोठं काही न्हाई. मागच्या बाजूला एक हॉल, त्यात बारा कपाटं, अन् कपाटांत दगड. पहिल्या दिवशी मी म्हणले, अगं माय, दगड राखायला बी माणूस लागतंय? आमच्या रानात दगड येचून येचून बायांची कंबर मोडती, अन् हे लोक त्याला काचेत बसवून राह्यलेत!

नंतर सवय झाली. आमच्या जिल्ह्यातल्या विहिरींत, खाणींत लई देखणे दगड निघतात. हिरवे, गुलाबी, काट्याकाट्यांचे, पांढऱ्या पिसावानी. पोरं येतात ती तेच बघायला. शेवटचं कपाट मात्र साधं लाकडी, बंद दाराचं. त्यात फेल्डस्पार ठेवलेले. अकरा नग. काळा दगड अन् त्यात बोटाएवढ्या लांब, सायीच्या रंगाच्या पट्ट्या आडव्यातिडव्या घुसलेल्या. आमच्या हेड साधना मॅडम दर वर्षी पोरांना सांगतात, "अरे, पृथ्वीच्या पाठीवर सगळ्यात जास्त हाच आहे. अर्ध्याहून जास्त." पोरं मान हलवतात अन् हिरव्या दगडापाशी जाऊन फोटो काढतात. जे ढिगानं असतं त्याला कोण विचारतंय?

प्रत्येक दगडाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, ठिपक्यावर काळ्या शाईनं नंबर. अन् खाली कार्ड. दगडाचं नाव, कुठं सापडला, कुणी दिला. आमचे जुने सर होते त्यांच्या हातचं ते काम, चाळीस वर्षांपूर्वीचं. एकोणीस वर्षं मी दगड ओळखले ते कार्ड वाचून अन् नंबर बघून. दगडाचं तोंड म्हणून मी कधी बघितलं न्हाई.

त्यातल्या एका कार्डावर लिहिलेलं होतं, 'फेल्डस्पार. शेतातली विहीर, पंचेचाळीस फूट. देणार, साहेबराव हिवराळे.'

हे साहेबराव राजूरच्या अलीकडच्या एका गावचे. उमेदीत लोकांच्या विहिरी फोडायचे. सुरुंग भरण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पुढं गायरानातली दोन एकर जमीन नावावर झाली, तेव्हा नवरा-बायकोनं स्वतःसाठी विहीर काढली. दिवसभर दुसऱ्याच्या कामावर, अन् तिथून आल्यावर आपल्या विहिरीत. तीन उन्हाळे लागले.

बाजाराला जालन्याला आले की ते आमच्याकडं यायचे. वर्षातून तीन-चारदा. चपला दाराबाहेर काढायचे. "काका, हे काय देऊळ न्हाई," मी लाख वेळा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. आत यायचे अन् म्हणायचे, "बाई, आमचा दगड दाखवा."

मी कार्ड बघून दगड काढायची अन् त्यांच्या हातात द्यायची. ते खिडकीपाशी स्टुलावर बसायचे. दगड उन्हात जरा तिरपा केला की त्या पांढऱ्या पट्ट्या एकदम चमकायच्या, अन् त्यांच्यावर कंगव्यानं ओढल्यावानी बारीक रेषा दिसायच्या. मंग डोळे मिटून, अंगठा एका जागी ठेवून ते नुसते बसायचे. पाच मिनिटं. मंग चहा. मंग चपला घालून बसस्टँड.

एकदा मीच खवचटपणानं विचारलं, "काका, एवढं काय बघता त्यात? तुमच्या रानात दगडांची कमी पडली का?"

ते हसले. "हा चांगुणाचा हाय," म्हणले.

चांगुणाबाई त्यांची बायको. मी तिला बघितलं न्हाई. माझ्या नोकरीच्या आधीच ती वारली. विहीर पंचेचाळीस फुटांवर गेल्ती अन् पाण्याचा पत्ता नव्हता. साहेबराव फोडत होते, चांगुणाबाई टोपल्यात भरत होती. एक दगड फोडायला त्यांनी छन्नी लावली, एक घाव घातला, दुसरा घालणार तेवढ्यात तिनं त्यांचं मनगट धरलं. "थांबा, येडे झाले का? काय फोडून राह्यलात ते बघा तरी!" तिनं तो दगड पदरानं पुसला, वर नेला अन् विहिरीच्या काठावर ठेवला. चार दिवसांनी पाणी लागलं. आमचे जुने सर तेव्हा विहिरी हिंडत फिरायचे. त्यांनी तो दगड बघितला अन् कॉलेजसाठी मागितला. साहेबरावांचं मन होत नव्हतं. चांगुणाबाईच म्हणली, "घेऊन जा सर. मला शाळेचं तोंड दिसलं न्हाई. माझा दगड तरी कालेजात जाऊ द्या."

"अन् तो घाव तसाच हाय बघा," साहेबरावांनी अंगठा उचलून मला दाखवलं. "तिनं हात धरला तिथपर्यंतचा."

मी "हो का?" म्हणले. खरं सांगते, मी वाकून बघितलं बी न्हाई. मला चहाचे कप विसळायचे होते.

आता मागच्या वर्षीचं सांगते. आमच्याकडं नवरात्राच्या आधी बाया दसरा काढतात. दसरा काढायचा म्हणजे घरातली एक वस्तू धुतल्याबिगर ठेवायची न्हाई. वाकळा, गोधड्या, डबे, माळ्यावरची भांडी, समदं अंगणात यायचं अन् लख्ख होऊन आत जायचं. जिचा दसरा निघाला न्हाई, तिला गल्ली वर्षभर नावं ठेवती. जुन्या जालन्यात आमची गल्ली एवढीशी, पण तोंडं शंभर.

तर दसऱ्यानंतर आठ दिवसांनी कॉलेजात तपासणीची कमिटी येणार होती. मीटिंगमध्ये प्रिन्सिपल सर सगळ्यांदेखत बोलले, "म्युझियममध्ये धूळ फार आहे." बस. माझं टाळकं सरकलं. धूळ? माझ्या हॉलात? शनिवार-रविवार जोडून सुट्टी आली, साधना मॅडम परगावी गेल्त्या. मी कुणाला विचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. पदर खोचला अन् म्युझियमचा दसरा काढला.

काट्याकाट्यांच्या नाजूक दगडांना पाणी लावायचं नसतं, एवढं मला कळत होतं. ते फडक्यानं झटकले. बाकीचे साठ-सत्तर दगड नळाखाली घेतले. टबात गरम पाणी, कपड्याचा सोडा, अन् तारेची घासणी. आमच्या घरच्या कढईला जशी घासते तशी एकेकाची पाठ घासली. गाणं म्हणत होते मी, गाणं! दगड गच्चीवर पोत्यांवर वाळत घातले. मंग टब ओतायला गेले तर पाणी पांढरं.

नंबर असतात हे मला ठाऊक होतं. पण मला वाटायचं तो रंग पक्का हाय. कसला पक्का! चाळीस वर्षांचा रंग, सोड्यात सालपटावानी सुटला. गच्चीवर गेले, एकेक दगड उलटा करून बघितला. एकाच्या बी पाठीवर नंबर न्हाई. तिथंच पोत्यावर बसले.

मंग रजिस्टर घेऊन कामाला लागले. रंगावरून, वजनावरून, आकारावरून बाकीचे लागले जिथल्या तिथं. बहुतेक लागले. अडलं ते फेल्डस्पारवर. अकरातले सात एकासारखे एक. काळा अन् सायीच्या पट्ट्या, काळा अन् सायीच्या पट्ट्या. रजिस्टरात बी सगळ्यांपुढं तेच लिहिलेलं. शेवटी कार्डं मांडली अन् जो हाताला आला तो दगड त्यावर ठेवला. व्हाइटनरनं ठिपके केले, पेनानं नंबर घातले. झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेबरावांचा घाव? तो मला तेव्हा आठवला बी न्हाई. ही माझी पहिली चूक. तिला मी चूकच म्हणते. पुढचं केलं त्याला चूक म्हणायची सोय न्हाई.

मॅडम आल्या, कपाटं बघून खूश झाल्या. म्हणल्या, "दैवशालाताई, कमाल केली तुम्ही." अन् कमिटीसाठी दारापाशी एक टेबल मांडायला सांगितलं, त्यावर फक्त आपल्या जिल्ह्यात सापडलेले दगड. त्यात फेल्डस्पारची तीन कार्डं निघाली. साहेबरावांचं त्यातच एक. कार्डांबरोबर त्यावरचे दगड बी टेबलावर आले. बाकीचे आठ लाकडी कपाटात, कुलूप लावून.

दसरा होऊन तिसऱ्या दिवशी साहेबराव आले. नेहमी एकटे यायचे, त्या दिवशी बरोबर पोरगा होता. धम्मपाल. पुण्याला नोकरीला, पन्नाशीकडं आलेला, सज्जन माणूस. बापाच्या चपला नीट लावून ठेवत होता. दोघांचं काहीतरी वाजलेलं दिसत होतं.

"ताई, तुम्हीच सांगा यांना," धम्मपाल म्हणला. "रानात एकटेच राहतात. मागच्या महिन्यात शेगडी चालू ठेवून बाजाराला आल्ते. शेजाऱ्यानं धूर बघितला म्हणून निभावलं. परवा फोनवर नातीचं नाव आठवेना. मी म्हणतो पुण्याला चला, तर ऐकत न्हाईत."

"नातीला चार नावं ठेवलीत तुम्ही. कोणतं आठवू?" साहेबराव म्हणले. "बाई, माझं डोकं बराबर हाय. मी तिथून हललो तर विहीर कोण बघंल? चांगुणानं काढलेली विहीर हाय ती. मला तिथंच ऱ्हायचंय. तिथंच मरायचंय, झालं."

"बाबा, विसर पडतोय तुम्हाला, मान्य करा ना."

"हाताच्या काकणाला आरसा कशाला?" म्हातारं ताडकन उठलं. अठ्ठ्याहत्तर वय, पण पाठ सरळ. "बाई, ते तीन दगड तिथं टेबलावर हायेत न्हवं? त्यांची कार्डं बाजूला करा, अन् दगड हालवून ठेवा. मी डोळे झाकतो. माझा मी ओळखला तर धम्मा, तू परत न्यायचं नाव काढायचं न्हाई. अन् न्हाई ओळखला, तर मी घरी बी जात न्हाई. इथूनच तुझ्या गाडीत बसतो. बोल, मंजूर?"

धम्मपालनं माझ्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं. "मंजूर," म्हणला.

देवा, तोच असू दे, तोच असू दे, असं म्हणत मी तिन्ही दगड हालवून ठेवले. साहेबरावांनी उपरण्यानं डोळे बांधले. पहिला दगड हातात घेतला, अंगठा फिरवला, ठेवला. दुसरा घेतला, ठेवला. तिसरा घेतला. अंगठा त्या दगडावर फिरतच राह्यला, ह्या अंगाला, त्या अंगाला. मंग त्यांनी उपरणं सोडलं.

"यात माझा न्हाई."

"बाबा," धम्मपाल हळूच म्हणला. त्यानं दुसरा दगड उलटा करून नंबर दाखवला, कार्ड दाखवलं. "हा बघा. तुमचं नाव हाय."

"कार्ड असू दे. याला घाव न्हाई." साहेबराव माझ्याकडं वळले. "बाई, अजून हायेत ना कपाटात? जरा उघडा. मी दोन मिनिटांत काढून दाखवतो."

कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती, पदराखाली. मला सगळं कळत होतं, असं समजू नका की कळत नव्हतं. म्हातारं बराबर बोलत होतं. कपाट उघडलं असतं तर त्यांनी आपला दगड काढला असता, घाव दाखवला असता, अन् त्याबरोबर माझं बी पितळ उघडं पडलं असतं. पाच दिवसांवर कमिटी. एकोणीस वर्षांची नोकरी. मॅडम म्हणल्या असत्या, कुणाला विचारून धुतले? अन् मी मनाला काय समजावलं, तर पोरगा चांगला हाय, पुण्याला दवाखाना जवळ हाय, म्हाताऱ्याचं भलंच होईल. स्वतःला समजवायला माणसाला किती कमी वेळ लागतो!

"किल्ली मॅडमकडं हाय, काका," मी म्हणले. "अन् मॅडम मीटिंगला गेल्यात."

"मंग बसतो मी."

"बाकीचे बाहेरगावचे दगड हायेत. तुमचा हाच." माझा आवाज एवढा मऊ कधीच निघत न्हाई. "दगड तोच हाय, काका. तुम्हालाच आठवत नसंल."

तो दगड त्यांनी परत हातात घेतला. खिडकीपाशी नेला, उन्हात तिरपा केला. पट्ट्या चमकल्या, कारण फेल्डस्पार कुठला बी असो, चमकतोच. बराच वेळ बघत उभे होते. मंग म्हणले, "असंल. बाई कशाला खोटं बोलतील."

दगड त्यांनी कार्डावर ठेवला अन् दाराबाहेर गेले. चपला तिथंच ऱ्हायल्या. धम्मपाल त्या घ्यायला मागं आला, त्याचे डोळे भरले होते. "बघितलं ताई?" म्हणला. "चपला बी विसरले." मी मान हलवली. हो, मान हलवली मी.

कमिटी आली, बघून गेली. म्युझियमची स्वच्छता वाखाणण्यासारखी, असं लिहून दिलं त्यांनी. मॅडमनी सगळ्यांना पेढे वाटले. माझ्या हातावरचा पेढा मी पर्समध्ये टाकला, तो तिथंच वाळून गेला.

मंग एक दिवस हॉलाचं दार आतून लावलं अन् लाकडी कपाट उघडलं. चौथाच दगड. कोपऱ्याला नखाएवढी खाच, तिरपी, गुळगुळीत झालेली. माझा अंगठा तिच्यात बराबर बसला. खाली कार्ड होतं भलत्याच जिल्ह्याचं. मी तो दगड मांडीवर घेऊन जमिनीवर बसले अन् माझा बाप गेला तेव्हा रडले नव्हते तेवढी रडले. पण उठून कुणाला सांगितलं का? न्हाई. दगड ठेवला, कुलूप लावलं, पाणी पिले अन् घरी गेले.

संकष्टीला राजूरच्या गणपतीला गेल्ते मी, माघातली गोष्ट. येताना माझे पाय आपोआप त्या गावाकडं वळले. विचारत विचारत रानात गेले. खोपीला कुलूप. विहिरीवर मोटार चालू होती, कुणीतरी गव्हाला पाणी देऊन राह्यलं होतं. बटईनं, अर्ध्या वाट्यानं, रान केलेला माणूस, कल्याण नावाचा. मी साहेबरावांबद्दल विचारलं.

"पुण्याला हायेत. पण आता ते पहिले साहेबराव न्हाई राह्यले," तो म्हणला. "पहिलं कसं, बांधावर उभं राहून मला शिव्या घालायचे, ही नाली अशी काढ, तशी काढ. आता फोन केला अन् विचारलं, मोटारीचा पाना कुठंय, तर म्हणतात, मला आठवत न्हाई, धम्माला विचार. लई खोदून विचारल्यावर जागा सांगितली, तर पाना तिथंच होता की. आठवत असून बी न्हाई म्हणतात."

मी विहिरीत वाकून बघितलं. पाणी हिरवंगार, खोल. चांगुणाबाईनं हे सगळं टोपल्या-टोपल्यानं वर काढलेलं. मला तिथं उभं राहवलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये गेले अन् भडाभडा सगळं ओकले. सोडा, घासणी, ठिपके, व्हाइटनर, किल्ली. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आधी लई रागावल्या. "कुठला दगड कुठून आला, हेच त्याचं मोल असतं हो ताई! ते गेलं की नुसता धोंडा." मंग जे बोलल्या ते मला रागापेक्षा जास्त लागलं.

"तुम्हाला कुणी काढून टाकलं नसतं," म्हणल्या. "मी चार शब्द बोलले असते. एवढंच झालं असतं."

एवढंच झालं असतं. चार शब्द. मी आयुष्यभर लोकांना चारशे ऐकवले, अन् मला चार ऐकायचे नव्हते.

मॅडमनी रजिस्टरात नोंद केली अन् तो दगड मला दिला. म्हणल्या, "जा, साहेबरावांच्या हातात द्या. सांगा त्यांना. अन् परत घेऊन या." धम्मपालचा पत्ता मी फोनवर घेतला. काय काम हाय ते सांगितलं न्हाई, नुसतं भेटायचंय म्हणले. दगड टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला अन् सकाळच्या एसटीनं पुण्याला गेले. अख्ख्या रस्त्यानं पिशवी मांडीवर होती. मनात ठरवत होते काय बोलायचं. मला वाटत होतं, म्हातारं शिव्या देईल. देऊ दे. पोटभर देऊ दे. अन् मंग पोराला म्हणंल, चल, मला माझ्या विहिरीवर सोड. एवढं झालं की मी सुटले.

सातव्या मजल्यावर घर. धम्मपालची बायको ज्योत्स्ना, तिनं दार उघडलं. माणूस चांगलं, बोलणं चांगलं. आत गेले तर घरभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. गॅसपाशी 'बंद केला का?', फ्रिजवर 'जेवण झालं – सकाळ / संध्याकाळ', दारावर 'चप्पल'. "बाबांसाठी," ती म्हणली. "आधी मीच लावल्या दोन-चार. आता तेच सांगतात, हे पण लिहून लाव, ते पण लिहून लाव. चिठ्ठी नसली तर पाणीसुद्धा विचारून पितात हो ताई."

साहेबराव गॅलरीत खुर्चीवर होते. पाठ वाकलेली. मला बघून हात जोडले. "या बाई," म्हणले. मंग सुनेकडं बघितलं. "ह्या कालेजातल्या बाईच न्हवं?" सुनेनं "हो बाबा" म्हणल्यावरच त्यांनी मला बसा म्हणलं.

मी खाली फरशीवरच बसले. टॉवेल सोडला अन् दगड त्यांच्या हातात दिला. त्यांनी नेहमीसारखा तो तिरपा धरला. ऊन होतं, पट्ट्या चमकल्या. अन् मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्यांचा अंगठा दगडावर शोधत बिलकुल हिंडला न्हाई. सरळ त्या खाचेत जाऊन बसला. त्यांनी डोळे मिटले.

"काका," मी म्हणले, "हा तुमचा हाय. तुम्ही तेव्हा बराबर होता. मी दगड धुतले, नंबर गेले, माझ्याच हातानं कार्डं बदलली. किल्ली माझ्या कमरेला होती. मी खोटं बोलले, काका. तुमचं डोकं चांगलं हाय. तुम्हाला सगळं आठवत होतं."

मला वाटलं आता उठतील. ज्योत्स्ना दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. साहेबरावांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघून हसले. लहान लेकरू पडलं अन् आपण न्हाई न्हाई काही झालं न्हाई म्हणतो, तसं.

"धम्मानं सांगितलं असंल तुम्हाला," म्हणले. "बापाला बरं वाटावं म्हणून. चांगला पोरगा हाय. तुम्ही बी एवढ्या लांबून आल्या."

"न्हाई हो काका! घाव बघा ना. तुमचा अंगठा तिथंच हाय. चांगुणाबाईनं हात धरला तिथं!"

"मला बी तसंच वाटून राह्यलं," ते म्हणले. "पण मला तर त्या दिवशी बी वाटतच होतं. माझ्या वाटण्याचं काही खरं न्हाई बाई. माझा तो टेबलावर हाय, कार्डावर माझं नाव हाय, तुम्हीच दाखवलं."

मी काय काय बोलले ते आता सांगत न्हाई. रडले, शपथा घेतल्या, त्यांचे पाय धरले, तर ते अवघडून मागं सरले. धम्मपालला फोन लावला, तो ऑफिसातून आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं. मंग बापाच्या गुडघ्याशी बसून म्हणला, "बाबा, उद्याच जाऊ आपण रानात. मी सोडतो तुम्हाला." साहेबराव घाबरले. खरंच घाबरले. "एकट्याला नको रे," म्हणले. "तिथं चिठ्ठ्या कोण लावंल?"

निघताना मी दगड घ्यायला हात पुढं केला न्हाई. मॅडमला काय सांगायचं ते सांगेन, राहू दे त्यांच्यापाशी, असं मी मनात ठरवलं होतं. तर साहेबरावांनीच तो टॉवेलात गुंडाळला, नीट, चारी कोपरे दुमडून. मला देता देता टॉवेलावरूनच त्यांचा अंगठा त्या खाचेवर होता.

"ज्याचा असंल त्याला नेऊन द्या, बाई," म्हणले. "तो बी शोधत असंल बिचारा."